शिशाच्या दोन पत्र्यांतून उजेड साठवणारा माणूस
पुन्हा भारित होणाऱ्या बॅटरीचे जनक गास्तों प्लान्ते यांचे जीवन आणि आपल्या दुचाकीची न चालणारी बॅटरी

यवतमाळ : डिसेंबरच्या पहाटे जिल्ह्यातील कोणत्याही गावात दिसणारे हे दृश्य आहे. कुणी दूध पोहोचवायला, कुणी शाळेच्या वेळेत हजर व्हायला, तर कुणी जिनिंगवर लागलेल्या कापसाच्या गाडीजवळ जायला निघालेले असते. दुचाकीची चावी फिरते, सेल्फचे बटण दाबले जाते. पण इंजिनाच्या आवाजाऐवजी सीटखालून नुसती टिकटिक ऐकू येते. हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो, दिवा पिवळसर पडतो. मग गाडी ढकलत दुरुस्तीच्या दुकानापर्यंत न्यायची आणि बॅटरी गेली हे निदान ऐकायचे. बऱ्याचदा बॅटरी त्याच दिवशी बदललीही जाते आणि आठवड्याभरात नवी बॅटरीही तशीच उतरते.

सीटखालच्या त्या काळ्या डब्यात जे घडते, ते सर्वप्रथम घडवून आणले गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १८५९ साली. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी बहुसंख्य दुचाकींमध्ये आजही त्यांचीच जोडी काम करते : शिसे, शिशाचा ऑक्साइड आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल. ही जोडी कशी जुळली हे समजले, तर आपली बॅटरी खरोखर मेली आहे की दोष दुसरीकडे आहे, हेही उमगते.

पिरेनीजच्या पायथ्याशी जन्म

प्लान्ते यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्सच्या नैऋत्येस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या ऑर्थेझ या गावी झाला. ते सात वर्षांचे असताना कुटुंब पॅरिसला आले. त्यांचे धाकटे बंधू फ्रान्सिस पुढे पियानोवादक म्हणून नावारूपाला आले. एका घरातील एका भावाने सुरांत आणि दुसऱ्याने विजेत आयुष्य घालवले.

१८५४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, गास्तों पॅरिसच्या कला व हस्तव्यवसाय संस्थेत भौतिकशास्त्र विभागात साहाय्यक म्हणून रुजू झाले. तेथे एदमों बेकेरेल प्राध्यापक होते. प्रकाश पडल्यावर वीज निर्माण होऊ शकते, हे याच बेकेरेल यांनी १८३९ मध्ये दाखवून दिले होते. आज शेतातील सौरपंपाच्या पत्र्यावर जे घडते त्याचे मूळ त्या शोधात आहे. सौरवीज दाखवणारा गुरू आणि वीज साठवणारा शिष्य एकाच प्रयोगशाळेत वावरले, हा विज्ञानाच्या इतिहासातील सुंदर योगायोग म्हणावा लागेल. बेकेरेल यांचे पुत्र आंरी यांनी पुढे १८९६ मध्ये किरणोत्सर्गाचा शोध लावला.

विजेकडे पूर्णपणे वळण्याआधीच प्लान्ते यांचे नाव वेगळ्याच कारणाने शास्त्रात नोंदले गेले. १८५५ मध्ये पॅरिसजवळच्या मदों येथे त्यांना एका अवाढव्य, उडू न शकणाऱ्या प्रागैतिहासिक पक्ष्याचे जीवाश्म सापडले. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी वावरणाऱ्या या पक्ष्याला त्यांच्याच नावावरून गास्तोर्निस हे नाव मिळाले. त्या वेळी ते अवघे एकवीस वर्षांचे होते.

रिकामी होणारी वीज

त्या काळातील विजेची अडचण समजून घेतली पाहिजे. इटलीच्या आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० मध्ये पहिला विद्युत घट तयार केला. त्यानंतर डॅनियल, ग्रोव्ह, बुन्सेन यांनी त्यात सुधारणा केल्या. तारायंत्रे याच घटांवर चालत. परंतु हे सर्व घट एकेरी होते. आतील धातू झिजून गेला की घट संपला. नवा धातू आणि नवे आम्ल घालावे लागे. सरपण जळून राख व्हावी तसा हा प्रकार होता. राखेचे पुन्हा सरपण करता येईल का, असा तो प्रश्न होता.

घटातून वीज वाहू लागली की त्यातील पत्र्यांवर उलट दिशेचा एक दाब तयार होतो आणि मूळ प्रवाह मंदावतो, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. बहुतेकांच्या दृष्टीने तो दोष होता. प्लान्ते यांनी याच दोषाचा बारकाईने अभ्यास आरंभला. निरनिराळ्या धातूंचे पत्रे निरनिराळ्या द्रावणांत बुडवायचे, त्यांतून वीज सोडायची, ती थांबवायची आणि परत येणारा प्रवाह किती जोरकस व किती वेळ टिकतो हे मोजायचे, असा त्यांचा क्रम होता. या तुलनेत विरल गंधकाम्लात बुडवलेले शिसे सर्वांत सरस ठरले. शिशाच्या पत्र्यांवर असा परिणाम होतो, हे त्यांच्या आधी जर्मनीतील विल्हेल्म सिन्स्टेडेन यांच्याही ध्यानात आले होते. परंतु त्या निरीक्षणातून वापरण्याजोगा संचायक घडवला तो प्लान्ते यांनी.

१८५९ मध्ये त्यांनी शिशाचे दोन लांब पत्रे घेतले. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये विभाजक पट्टी ठेवली, दोन्ही पत्र्यांची मिळून चटईसारखी गुंडाळी केली आणि ती गंधकाम्लाच्या पाण्यात बुडवली. बाहेरच्या घटाने वीज दिली की ही गुंडाळी ती साठवी; बाहेरचा घट काढून घेतला की साठवलेली वीज परत देई. रिकामी झाली की पुन्हा भरता येई. १८६० मध्ये असे नऊ घट जोडून तयार केलेली बॅटरी त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे सादर केली.

त्या सुमारास आपला मुलूख वऱ्हाडात मोडत होता. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला होता आणि लवकरच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे येथील कापसाला परदेशी मागणी वाढणार होती. नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचायलाही १८६७ साल उजाडले. पॅरिसमधील त्या गुंडाळीशी वऱ्हाडातील शेतकऱ्याचा संबंध येईल, अशी कल्पनाही तेव्हा कुणी केली नसेल.

चिकाटीचे काम

प्लान्ते यांची खरी कसोटी शोधानंतर सुरू झाली. नवा कोरा शिशाचा पत्रा फारच थोडी वीज साठवी. त्यांच्या लक्षात आले की, घट भरणे, रिकामा करणे, उलट दिशेने भरणे आणि मध्ये विश्रांती देणे, हे चक्र पुन:पुन्हा चालवले तर पत्र्याचा पृष्ठभाग सच्छिद्र होत जातो आणि साठवणक्षमता वाढते. विश्रांतीचा काळ हळूहळू वाढवत न्यावा लागे. चांगला घट तयार व्हायला महिने लागत. घाईला येथे थारा नव्हता.

आणखी एक अडचण होती. ही बॅटरी भरायची कशाने? तेव्हा वीज निर्माण करणारी यंत्रे बाजारात नव्हती. जुन्याच झिजणाऱ्या घटांनी ती भरावी लागे. म्हणजे साठवणुकीचे साधन तयार झाले. पण साठवायला स्वस्त वीज नव्हती. विहीर बांधून झाली आणि झरा लागला नाही, अशी ही अवस्था होती. थांबलेल्या रेल्वेगाडीच्या डब्यांतील दिवे, शल्यचिकित्सेत तापलेल्या तारेने जखम डागणे अशा मोजक्या कामांपुरताच तिचा उपयोग झाला. प्लान्ते मात्र काम सोडून गेले नाहीत. १८६० पासून ते सर्वसामान्यांना शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत भौतिकशास्त्र शिकवत होते आणि त्याच वेळी प्रयोगही चालू होते.

शेकडो घट एका ओळीत जोडून त्यांनी फार मोठा विद्युत दाब मिळवला आणि त्याच्या साहाय्याने कडाडणारी वीज, ध्रुवीय प्रकाश यांसारख्या नैसर्गिक घटनांच्या छोट्या प्रतिकृती प्रयोगशाळेत निर्माण केल्या. धारित्रे समांतर भारित करून नंतर एकामागोमाग जोडणारे एक यंत्रही त्यांनी तयार केले. १८७९ मध्ये या साऱ्या संशोधनाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

मग काळ त्यांच्याकडे चालत आला. १८७१ मध्ये झेनोब ग्राम यांनी आपला डायनॅमो विज्ञान अकादमीपुढे मांडला आणि यंत्राने वीज निर्माण करणे व्यवहार्य झाले. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या ऑक्साइडचा लेप पत्र्यावर थापण्याची युक्ती काढली. त्यामुळे महिन्यांचे काम फार थोड्या वेळात होऊ लागले आणि कारखान्यात बॅटरी तयार होऊ शकली. त्याच वर्षी ग्युस्ताव त्रुवे यांनी पॅरिसच्या रस्त्यावर बॅटरीवर चालणारी तीनचाकी धावती करून दाखवली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये भरलेल्या विद्युत परिषदेने व्होल्ट आणि अँपिअर ही एकके मान्य केली. आज मेकॅनिक मल्टीमीटरवर जो आकडा वाचतो, त्याचे नाव तेथे पक्के झाले.

१८८२ मध्ये ग्लॅडस्टन आणि ट्राइब या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी घटात नेमके काय घडते, याचा उलगडा केला. घट वीज देतो तेव्हा दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. भारित करताना हे सल्फेट पुन्हा शिसे व ऑक्साइडमध्ये बदलते आणि आम्ल दाट होते. प्लान्ते यांनी जे हाताने साधले होते, त्याचे रसायन तेवीस वर्षांनी कागदावर आले.

आपली बॅटरी खरेच मेली आहे का?

ग्लॅडस्टन-ट्राइब यांचे हे एवढे सूत्र लक्षात ठेवले, तर निदानाची दिशा सापडते. शिसे-आम्लाच्या एका घटाचा दाब दोन व्होल्टपेक्षा किंचित जास्त असतो. दुचाकीच्या बॅटरीत असे सहा घट ओळीने जोडलेले असतात. म्हणून तिला बारा व्होल्टची म्हणतात.

सुरुवात डोळ्यांनी करावी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी जमली आहे का, नट सैल आहे का, फ्यूज शाबूत आहे का, हे आधी पाहावे. सेल्फ फिरत नसण्याचे कारण अनेकदा एवढेच असते. बॅटरीचा डबा फुगला असेल वा तडकला असेल, तर पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही.

त्यानंतर मल्टीमीटर. गाडी काही तास उभी राहिल्यावर टर्मिनलवर सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले, तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ च्या आसपास ती निम्मी असते. १२ च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. परंतु रिकामी म्हणजे मेलेली नव्हे. आधी ती मंद गतीने पूर्ण भारित करून पाहावी. भारित केल्यानंतरही दाब साडेदहा व्होल्टच्या आसपास अडकला, तर सहापैकी एक घट निकामी झाल्याची शक्यता मोठी असते. दाब ठीक दिसतो, पण सेल्फ दाबताच तो साडेनऊच्या बराच खाली कोसळतो, तर पत्र्यांची ताकद संपली आहे.

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची आणि तीच नेमकी टाळली जाते. इंजिन चालू करून थोडी रेस द्यावी आणि पुन्हा टर्मिनलवरचा दाब मोजावा. तो साधारणत: साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असायला हवा. त्याच्या खालीच राहिला, तर मॅग्नेट कॉइल, रेग्युलेटर-रेक्टिफायर किंवा वायरिंग यांत दोष आहे. पंधराच्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो बॅटरी उकळवत आहे. या दोन्ही स्थितींत नवी बॅटरी बसवणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. आठवड्याभरात उतरणाऱ्या नव्या बॅटरीचे कारण बहुधा येथेच सापडते.

यवतमाळच्या हवामानाचाही यात वाटा आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तापमान वाढले की रासायनिक क्रियांचा वेग वाढतो, आतील पाणी आटते, पत्र्यांची जाळी गंजते आणि न वापरताही बॅटरी लवकर उतरते. इजा उन्हाळ्यात होते. ती कळते मात्र हिवाळ्यात, कारण थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिनातील तेलही घट्ट झालेले असते. अनेक दिवस अर्धवट उतरलेल्या अवस्थेत गाडी उभी राहिली, तर पत्र्यांवरचे सल्फेट कडक स्फटिक बनते आणि मग ते भारित करूनही विरघळत नाही. हंगामात आठवडेच्या आठवडे उभी राहणारी गाडी अधूनमधून चालवणे किंवा बॅटरी भारित करून घेणे यासाठीच आवश्यक असते.

झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत पातळी कमी झाली, तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे पाणी नव्हे आणि आम्ल तर मुळीच नव्हे. उडून जाते ते पाणी. आम्ल आतच राहते. बंद स्वरूपाच्या, देखभाल न लागणाऱ्या बॅटरीचे झाकण उचकटू नये.

बदलण्याची वेळ आली तर

चावी बंद करून आधी वजा, म्हणजे काळ्या वायरीचे टर्मिनल सोडवावे, नंतर अधिक, म्हणजे लाल. बसवताना क्रम उलटा : आधी लाल, शेवटी काळी. यामागे साधे कारण आहे. गाडीची सारी चौकट वजा टोकाला जोडलेली असते. काळी वायर जोडलेली असताना लाल टोकावरचा पाना चौकटीला टेकला, तर मोठी ठिणगी पडते. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो आणि तो पेट घेतो. म्हणून जवळपास विडी-काडी नको. आम्ल अंगावर उडाले, तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

नवी बॅटरी जुन्याच क्षमतेची आणि टर्मिनलची बाजू तीच असलेली घ्यावी. कोरड्या स्वरूपात मिळणाऱ्या बॅटरीत आम्ल भरल्यानंतर काही वेळ थांबून तिला पहिले भारण द्यावे लागते. घाईत हे टाळले, तर ती आपली पूर्ण क्षमता कधीच गाठत नाही. प्लान्ते यांच्या महिन्यांच्या तपश्चर्येच्या तुलनेत हे काही तास काहीच नाहीत.

जुन्या किक असलेल्या अनेक गाड्या बॅटरी उतरल्यावरही सुरू होत असत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांनंतर बहुतेक नव्या दुचाकींमध्ये इंधन इंजेक्शन आले. त्यातील पंप व संगणकीय नियंत्रण बॅटरीवरच अवलंबून असते. रात्री रुग्णाला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात निघायचे असेल, तेव्हा हा फरक जिवावर बेतू शकतो.

जुनी बॅटरी मात्र भंगारात फेकू नये वा अंगणात फोडू नये. शिसे विषारी आहे आणि लहान मुलांच्या मेंदूला त्यापासून कायमची इजा होऊ शकते. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यांवर टाकणारे नियम २००१ मध्ये आले. त्यांची जागा २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली आणि उत्पादकांवरची जबाबदारी वाढवली. जुनी बॅटरी दुकानात परत दिली की किमतीत काही सूट मिळते आणि आतील शिसे पुन्हा नव्या बॅटरीत जाते.

अखेर

प्लान्ते यांचे निधन २१ मे १८८९ रोजी मदों येथे झाले. ज्या परिसरात तरुणपणी त्यांना त्या पक्ष्याचे हाड सापडले होते, तेथेच. वय अवघे पंचावन्न वर्षांचे होते. त्या दिवसांत पॅरिसमध्ये आयफेल मनोऱ्याच्या साक्षीने जागतिक प्रदर्शन भरले होते आणि विजेच्या दिव्यांनी शहर झगमगत होते. मोटारगाडी सुरू करण्यासाठी हाताने दांडा फिरवण्याऐवजी बॅटरीवरचा सेल्फ स्टार्टर वापरात यायला मात्र १९१२ साल उजाडावे लागले. ते पाहायला प्लान्ते नव्हते.

चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे. पृथ्वीवर ते नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. आर्णी, वणी किंवा उमरखेडच्या रस्त्यावर जेव्हा एखादी दुचाकी पहिल्याच बटणाला सुरू होते, तेव्हा काम त्यांच्याच शिशाच्या पत्र्यांनी केलेले असते. उद्या सकाळी ती सुरू झाली नाही, तर नव्या बॅटरीसाठी पैसे काढण्यापूर्वी मेकॅनिकला इंजिन चालू असतानाचा व्होल्ट मोजायला अवश्य सांगावे.